न हललेल्या गाडीची चाकपट्टी

ते प्रकरण आठवलं की आजही मला आधी हसू येतं, आणि मग स्वतःची थोडी लाज वाटते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण कुणी ‘साहेब, एखादी केस सांगा’ म्हणालं की माझ्या तोंडी हीच येते. घरची मंडळी आता वैतागतात. नावं मी कुणाचीच घेत नाही, इथेही घेणार नाही.

मी तेव्हा भांडुपला, डोंगराकडच्या बाजूला, एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. निवृत्ती तोंडावर आली होती. त्या सुमारास आमच्या भागात एक प्रयोग सुरू झाला होता. गाडी जितकी चालेल तितका रस्त्याचा आकार भरायचा, आणि तो पैसा दुसरीकडे कुठेही न जाता त्याच भागातल्या रस्त्यांवर खर्च व्हायचा. सरकारी कागदात त्याला लांबलचक नाव होतं. लोकांनी घरपट्टी, पाणीपट्टीच्या शेजारी त्याला बसवलं आणि ‘चाकपट्टी’ करून टाकलं.

त्यासाठी प्रत्येक गाडीत पुढच्या काचेला आतून एक काळी डबी बसवली होती, काडेपेटीएवढी. स्कूटरला ती हँडलजवळ असे. गाडी हलली की डबी अंतर मोजायची. कुठे गेलात ते ती ठेवत नसे, फक्त किती चाललात आणि कोणत्या वेळी. मोबाईलसारखी ती चार्ज करावी लागे, म्हणून खोबणीतून काढता येत असे. महिना संपला की मालकाच्या फोनवर आकडा यायचा. सगळ्या डब्या दिसायला एकसारख्या. खाली बारीक अक्षरात नंबर, तोच काय तो फरक.

यावरून आमच्या पोलीस ठाण्यात रोज चहाबरोबर वाद व्हायचा. आमचे एक जुने हवालदार होते, मूळचे सावंतवाडीकडचे. ते म्हणायचे, “साहेब, खड्डे त्यांचे, कंबर आपली, आणि वर पट्टीपण आपलीच? ही कुठली पद्धत?” मला स्वतःला कल्पना पटली होती. जो रस्ता जास्त झिजवतो त्याने जास्त द्यावं, यात वावगं काय? शिवाय जमलेल्या पैशातून पहिला नंबर लागणार होता तो आमच्याच हद्दीतल्या एका चढाचा. त्या चढाची इतकी वाट लागली होती की रिक्षावाले पायथ्याशीच मीटर बंद करून म्हणायचे, “इथून चालत जावा.” बंदोबस्ताला आमची जीप वर न्यायची म्हटली की ड्रायव्हर आधी देवाचं नाव घ्यायचा.

चढाच्या टोकाला एक सोसायटी होती. बहुतेक घरं कोकणातली, आधीची पिढी गिरणीत राबलेली. तिथूनच ही केस आली.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळी ठाणे अंमलदार स्टेशन डायरी उघडून बसला होता आणि मी शेजारी उभा राहून रात्रपाळीच्या नोंदी बघत होतो. एक वयस्क बाई आत आल्या. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, पाठ ताठ. निवृत्त शिक्षिका आहेत हे कुणी सांगायला नको होतं. निम्मी वस्ती त्यांच्या हाताखालून शिकून गेलेली, त्यामुळे सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत.

“माझी गाडी चोरीला जाते,” बाई म्हणाल्या.

“कधी गेली?” अंमलदाराने पेन उचललं.

“रोज जाते. आणि रोज परत येते.”

अंमलदाराचं पेन तिथेच थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी बाईंना खुर्ची दिली.

हकीगत अशी होती. बाईंच्या यजमानांची जुनी छोटी गाडी होती. सोसायटीत आलेली पहिली गाडी तीच. यजमान गेले तेव्हापासून ती कव्हरखाली उभी होती. बाईंना चालवता येत नव्हती आणि विकायचं मन होत नव्हतं. किल्ली देवघरात. आणि आता फोनवर चाकपट्टीचा आकडा आला होता, तो एवढा की तेवढ्यात माणूस कोकणात जाऊन परत येईल, तेही एकदा नव्हे.

“मी दुपारी भजनाला जाते तेव्हा कोणीतरी नेत असणार,” बाई म्हणाल्या. “पैशाचं नाही हो साहेब. ह्यांच्या गाडीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.”

मी स्वतः गेलो. हवालदारांना बरोबर घेतलं. कव्हर उचललं तेव्हा धुळीने आम्ही दोघेही शिंकलो. चारही टायर जमिनीला टेकले होते. गाडीखाली एका मांजरीने पिल्लं घातली होती. पोलीस आलेत म्हणून जागेवरून उठायची तिने काही तसदी घेतली नाही. मी बाईंना सांगितलं की ही गाडी हललेली नाही.

“मग यंत्र खोटं बोलतंय?”

“यंत्र किंवा माणूस.”

“ते शोधायचं काम कुणाचं?”

“माझं, बाई,” मी म्हणालो. हवालदार दुसरीकडे बघून हसले.

दुसऱ्याच दिवशी खबर मिळाली. फोन सोसायटीच्या सेक्रेटरीचा होता. गृहस्थ भारदस्त, मोठी जीप बाळगून असणारे, कोणत्याही मीटिंगमध्ये शेवटचा शब्द स्वतःचा ठेवणारे.

“साहेब, खबर देतोय. माझं नाव कुठे येऊ देऊ नका,” ते हळू आवाजात म्हणाले. “आमच्याकडे शाळेच्या मुलांची व्हॅन चालवणारा एक आहे. बाईंनी मला फोन दाखवला, त्यांच्या डबीच्या वेळा बघा ना. सकाळी चालते, दुपारी चालते, रविवारी बंद. दुसरं कोण असणार? आणि त्याच्या स्वतःच्या व्हॅनचा आकडा बघा, मी मुद्दाम विचारून घेतला. मासे बाजारात जाऊन येण्याएवढा फक्त. बाईंची डबी त्याने स्वतःला लावली आणि स्वतःची बाईंना. म्हाताऱ्या बाईला लुबाडतोय, साहेब.”

ज्या कंपनीकडे डब्यांचं काम होतं तिचा एक तरुण इंजिनीअर होता. त्यानेही वेळा तपासून हेच सांगितलं. मी दोन पंच बोलावून पंचनामा केला आणि व्हॅनमधली डबी ताब्यात घेतली. खालचा नंबर वाचला. बाईंचाच होता. त्यामुळे बाईंच्या गाडीतली डबी बघायची तेव्हा गरजच वाटली नाही. कंपनीने फसवणुकीची लेखी तक्रार दिली.

खबर देणाऱ्याचं नाव मी लपवलं, पण खबर लपली नाही. दोन दिवसांत सगळ्या चढावर बोभाटा झाला. आया मुलांना स्वतः शाळेत सोडायला लागल्या. शाळेने व्हॅनवाल्याला निरोप पाठवला की सोमवारपर्यंत पोलिसांकडून काय ते स्वच्छ करून आण, नाहीतर व्हॅन बंद. त्याचं सगळं घर त्या व्हॅनवर होतं. बायको, दोन मुली, गावाकडे आई. आणि पोरांना ने-आण करणाऱ्या माणसावर एकदा लबाडीचा शिक्का बसला की दुसरी शाळाही त्याला उभं करत नाही.

मी त्याला चौकशीला बोलावलं. चौकशीची खोली सिनेमात दाखवतात तशी नसते. आमच्याकडे जुनी कपाटं, एक करकरणारा पंखा आणि हलणारं टेबल होतं. समोर चाळिशीतला, बारीक अंगाचा माणूस बसला होता. चहा दिला तर त्याने कप नुसता हातात धरून ठेवला.

“डबी तू बदललीस?”

“नाय.”

“दुसऱ्याची आहे हे तुला ठाऊक होतं?”

जरा थांबून म्हणाला, “होय. चार्जिंगला लावली तेव्हा नंबर बघितलंय.”

“मग सांगितलं का नाहीस?”

तो बोलेना. मी पुन्हा विचारलं, आवाज चढवून विचारलं, समजावून विचारलं. शेवटी म्हणाला, “माका काय एक सांगूचा नाय, साहेब. काय घालूचा ता माझ्यावर घाला.”

मी बाहेर आलो आणि हवालदारांना आत पाठवलं. दोघं मालवणीत तासभर बोलले. गाव कुठलं, देव कुठला, यंदा भात कसं आहे, सगळं झालं. हवालदार बाहेर आले ते मान हलवत. “रडला साहेब. पण बोलला नाही.”

इतक्या वर्षांत मी एक गोष्ट शिकलो होतो. खोटं बोलणारा माणूस फार बोलतो. विचारलं नाही तेही सांगतो, आईची शपथ घेतो, शेजाऱ्याचं नाव पुढे करतो. या माणसाने स्वतःला अडकवणारं उत्तर सरळ दिलं होतं आणि त्याच्या पुढच्या प्रश्नाला ओठ मिटले होते. त्याला स्वतःला वाचवायचं नव्हतं. मग कुणाला वाचवायचं होतं, तेच कळत नव्हतं. सोमवार जवळ येत होता आणि खरं सांगतो, मला त्याचा रागही येत होता. मदत करायची तरी कशी अशा माणसाला?

डबी माझ्या टेबलावर होती. मुद्देमालाच्या पाकिटात घालण्याआधी मी ती उगाच उलटसुलट करत होतो. तिच्या कडेच्या फटीत काहीतरी पिवळं अडकलेलं दिसलं. टाचणीने काढलं तर पिवळी पूड निघाली आणि तिच्याबरोबर तांदळाचा एक लालसर दाणा. मुलांच्या डब्यातला मसालेभात असेल, असं मी म्हटलं आणि सोडून दिलं.

त्या दिवशी शस्त्रागाराची तपासणी होती. ती मी स्वतः करायचो. एक एक रायफल बाहेर काढायची, बटावरचा, म्हणजे लाकडी दस्त्यावरचा, नंबर वाचायचा, परत जागेवर. एका रायफलीच्या नंबरात, कोरलेल्या आकड्यांत, हळदकुंकू सुकून बसलं होतं. दसऱ्याच्या शस्त्रपूजेचं. आमच्याकडे पूजा झाली की हवालदार मोठ्याने बट नंबर वाचतो आणि ती ती रायफल तिच्या जागी जाते. एक जरी चुकली तरी सगळ्यांना थांबवून ठेवतो, मग घरी गोडाधोडाचं जेवण वाट बघत असलं तरी. मी ती रायफल हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

“हवालदार, दसऱ्याला गाडीची पूजा करता तेव्हा या नव्या डबीचीपण करता का हो?”

“करणारच ना साहेब,” ते म्हणाले. “गाडीचीच ती. तिला कशी सोडणार?”

रविवारी सकाळी मी सोसायटीच्या आवारात गेलो. दोन पंच, इंजिनीअर आणि सगळे गाडीवाले आपापल्या गाडीजवळ. वरच्या खिडक्यांतून बायका बघत होत्या. सेक्रेटरी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या शेजारी उभे राहिले.

मी सांगितलं, आधी बाईंची गाडी उघडा. व्हॅनवाल्याने अदलाबदल केली असेल तर इथे व्हॅनची डबी मिळायला हवी. बाईंनी किल्ली आणली, मांजरीला बाजूला घ्यायला जरा वेळ गेला. इंजिनीअरने डबी काढली, नंबर फोनवर टाकला, पुन्हा टाकला.

“सर, ही व्हॅनची नाही,” तो म्हणाला. “ही सेक्रेटरी साहेबांच्या जीपची आहे.”

 मग सगळ्यांच्या माना हळूहळू जीपकडे वळल्या.

“म्हणजे तुमची जीप दसऱ्यापासून जागची हललेलीच नाही,” मी म्हणालो. “शून्य आकडा आला असेल. तुम्ही काही बोलला नाहीत?”

“मला वाटलं, सिस्टीम नवीन आहे, सेट होतेय,” सेक्रेटरी म्हणाले.

वरच्या खिडकीतून कुणीतरी हसलं आणि मग कुणालाच आवरेना. हवालदारांनी पंचनाम्याच्या पॅडमागे तोंड लपवलं.

मग एकेक डबी तपासली. व्हॅनची डबी निघाली एका काकांच्या स्कूटरवर. काकांची स्कूटर फक्त मासे बाजारापर्यंत जायची. न हललेल्या गाडीतली डबी बाजारात कशी जाऊन येईल, हे आधी माझ्याही लक्षात आलं नव्हतं. स्कूटरची डबी जीपमध्ये. दुसऱ्या एका गाडीची डबी तिसऱ्याच मोटरसायकलवर. जवळजवळ कुणाचीही डबी स्वतःच्या गाडीत नव्हती. इंजिनीअरने कागदावर बाण काढायला घेतले आणि थोड्या वेळाने सोडून दिले. एवढ्या लोकांत तक्रार घेऊन आल्या होत्या एकट्या बाई. ज्यांचं वाढलं ते यंत्राला शिव्या देऊन गप्प बसले आणि ज्यांचं कमी झालं त्यांना यंत्र फार आवडलं.

घडलं होतं ते साधंच. दसऱ्याला सकाळी पोरांनी गाड्या धुवायला काढल्या. डब्यांत पाणी जाऊ नये म्हणून त्या सगळ्या काढून बाईंच्या परातीत ठेवल्या. सोसायटीत पहिली गाडी बाईंच्या घरची, त्यामुळे दसऱ्याची गाड्यांची पूजा बाईंच्याच हातची, ही तिथली रीत. बाईंनी गाड्यांना हार घातले, परातीतल्या डब्यांनाही हळदकुंकू आणि अक्षता वाहिल्या. मग एकेक जण पुढे आला. बाईंनी त्याच्या ओंजळीत पेढा ठेवला आणि एक डबी ठेवली. त्याने ती कपाळाला लावली आणि आपल्या गाडीत बसवली. प्रसादाबरोबर थोरांच्या हातून मिळालेली वस्तू कोणी उलटी करून तिचा नंबर बघत नाही. मीही बघितला नसता.

हे एकाच्या तोंडून बाहेर पडलं आणि सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. त्या गाडीच्या दाराला धरून उभ्या होत्या. इतका वेळ ताठ असलेली पाठ जरा वाकल्यासारखी वाटली. तेवढ्यात व्हॅनवाला पुढे आला.

“चूक माझी हा, साहेब. मी बघून घेवक व्हया होता.”

मी त्याला व्हॅनच्या मागे नेलं. “आता तरी सांग. हे माहीत होतं तुला, मग पोलीस ठाण्यात का नाही बोललास?”

“खरा सांगतंय, साहेब,” तो खाली बघत म्हणाला. “मी त्यांच्याकडे गेल्लंय सांगूक. पण त्या तुमच्याकडे तक्रार देवन आल्ले. मग त्यांच्या गाडीक हात लावलंय तर मीच चोर. आणि बाईंचो झील त्यांका पुण्याक नेवक बघता. ‘आई, तुला आता काही लक्षात राहत नाही’ म्हणता. ह्या कळला असता तर उद्याच घेवन गेलो असतो. घर बंद, गाडी भंगारात. माझा काय, दुसरी गिरायका मिळतली.”

दुसरी गिऱ्हाइकं मिळणार नाहीत हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं.  आणि याच माणसावर मी पोलीस ठाण्यात आवाज चढवला होता.

“मला दिसत कमी असलं तरी ऐकू चांगलं येतं,” मागून आवाज आला. बाई आमच्या पाठोपाठ आल्या होत्या. डोळे भरलेले, पण आवाज वर्गातला. “चौथीत होतास तेव्हाही हेच करायचास. दुसऱ्याची छडी स्वतःच्या हातावर घ्यायचास. सुधारला नाहीस.”

तो चौथीतल्यासारखाच मान खाली घालून उभा राहिला. बाई माझ्याकडे वळल्या.

“साहेब, माझा जबाब लिहून घ्या. डब्या मी वाटल्या. नंबर वाचायला चष्मा लागतो आणि तो पूजेच्या वेळी घरात राहिला होता. लक्षात न राहण्याचा इथे काही संबंध नाही. हे वाक्य नीट लिहा.”

मी नीट लिहिलं. अहवालात मात्र एक वाक्य माझंही घातलं, की सर्व सभासदांनी डब्या क्रमांक न पाहता बसवल्या. ते खरंच होतं आणि त्याने भार सगळ्यांच्या खांद्यावर सारखा वाटला गेला. गुन्हा घडलेला नव्हता, कंपनीने तक्रार मागे घेतली, आकडे ज्याचे त्याला गेले. सेक्रेटरींचा आकडा आला त्या दिवशी ते मीटिंगला आले नाहीत, असं कळलं.

सोमवारी सकाळी बाई स्वतः व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसून शाळेत गेल्या आणि मुख्याध्यापिकांना सगळं सांगून आल्या. येताना त्यांनी व्हॅनमधल्या पोरांची शुद्धलेखनाची परीक्षाही घेतली म्हणे. मुलाला पुण्याला फोन करून तो जबाब त्यांनीच वाचून दाखवला, चष्मा लावून. त्यानंतर नेण्याचा विषय निघाला नाही.

या केसने मला काय शिकवलं? गप्प बसणाऱ्या माणसाला आम्ही पोलीस चटकन निर्ढावलेला म्हणतो. त्याच्या गप्प बसण्यामागे कुणाचं घर उभं आहे, हे आधी बघावं. हे मला नोकरीच्या अगदी शेवटी कळलं, पण कळलं याचा आनंद आहे. नवीन अधिकाऱ्यांना मी हे सांगतो. ते मान डोलावतात आणि घड्याळ बघतात. त्यांचंही बरोबर आहे.

मी निवृत्त झालो आणि काही महिन्यांनी चढाचा रस्ता झाला. चाकपट्टीतूनच झाला. काळा, गुळगुळीत, कडेला नीट गटार. एका रविवारी बाईंचा निरोप आला की या. गेलो तर कव्हर काढलेलं, गाडीला नवे टायर, मांजर आणि तिची मोठी झालेली पिल्लं जिन्याखाली खोक्यात. व्हॅनवाला गाडी पुसत होता. बाई पुढे बसल्या, त्यांच्या नेहमीच्या जागी. मी मागे गुडघे पोटाशी घेऊन बसलो. गाडी आधी खोकली, मग चालली. चढ उतरून आम्ही सिग्नलपर्यंत गेलो आणि वळून परत आलो. खिडक्यांतून लोक हात हलवत होते. येताना एक रिक्षा प्रवासी घेऊन आमच्या पुढे सरळ वरपर्यंत गेली.

आवारात गाडी थांबली तशी बाईंनी चष्मा लावला, डबी खोबणीतून काढली आणि उलटी करून आधी नंबर वाचला. तो त्यांचाच होता. मग व्हॅनवाल्याने फोनवर आकडा दाखवला. एक किलोमीटर आणि वर थोडं.

“ह्यांना या चढावर रोज रस्त्याला शिव्या द्यायची सवय होती,” बाई म्हणाल्या. “लागू देत आता त्याला आमच्याही गाडीचे चार पैसे.”

मला वाटलं, त्या किल्ली घेऊन वर देवघराकडे जातील. त्यांनी ती व्हॅनवाल्याच्या हातात ठेवली.

“पुढच्या रविवारी लवकर ये,” त्या म्हणाल्या. “जरा लांब जाऊ.”